वृक्षांवरील वातभार
वृक्षांवरील वातभार म्हणजे वाहत्या वाऱ्यामुळे झाडाच्या पर्णसंभारावर व खोडावर पडणारे बल. वादळात झाड टिकेल, मोडेल की मुळासकट उन्मळेल, हे ठरवण्यासाठी त्याचा अंदाज बांधतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील पनवेलसारख्या दाट वस्तीच्या शहरात झाड पडते ते माणसांवर, वाहनांवर किंवा विजेच्या तारांवर.

गणित
वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकातील ०.६ × वेग² या सूत्राने ताशी ११० किलोमीटर (सेकंदाला ३०.६ मीटर) वेगास दर चौरस मीटरला सुमारे ५६० न्यूटन दाब येतो. हे मानक इमारतींसाठी आहे. झाड मात्र भिंतीसारखे ताठ उभे राहत नाही. पाने मिटतात, फांद्या वाकतात, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात रोधगुणांक घटतो. तो ०.२५ धरल्यास ४० चौरस मीटर पर्णसंभारावर ५,६०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५७० किलो वजनाइतके बल येते. हे बल जमिनीपासून ८ मीटरवर एकवटले असे मानले, तर बुंध्याशी सुमारे ४५,००० न्यूटन-मीटर आघूर्ण निर्माण होते. गुणांक भिंतीचा धरला की हाच आकडा चौपटीहून अधिक फुगतो आणि धडधाकट झाडावरही कुऱ्हाड चालते.

खोड आणि मुळे
पोकळ खोड म्हणजे धोका, ही समजूत अर्धीच खरी आहे. पोकळीचा व्यास खोडाच्या ७० टक्के असला तरी वाकण्यास होणारा विरोध केवळ २४ टक्क्यांनी कमी होतो. ९० टक्के असल्यास मात्र ६६ टक्क्यांनी. खोडाला भेग किंवा एका बाजूस मोठे भगदाड असल्यास हा हिशेब लागू पडत नाही.

मुळांचे दुखणे वरून दिसत नाही. गटार वा केबलसाठी खोदताना आधाराची मुळे तुटतात, पावसाने माती सैल होते आणि हिरवेगार झाड कोसळते. जर्मनीत विकसित झालेल्या ओढ-चाचणीत झाडाला दोराने मोजका ताण देऊन बुंध्याचा कल अंशाच्या शतांशापर्यंत मोजतात.

शेंडा बेताने उतरवल्यास क्षेत्रफळ व उंची दोन्ही घटतात. एकाच बाजूच्या फांद्या तोडल्यास तोल जातो. नागरी क्षेत्रात वृक्षतोडीसाठी १९७५च्या राज्य अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पनवेलमध्ये २०१६ साली महानगरपालिका स्थापन झाली.