देवी, कांजिण्या आणि नागीण: नावं तीन, विषाणू दोन



रिसर्चची तयारी करताना एक प्रश्न सगळ्यांनाच कधी ना कधी अडवतो. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे त्या एकच असतात का? आणि अगदी वेगळ्या दिसल्या म्हणजे त्या वेगळ्याच असतात का? विषय रसायनशास्त्राचा असो की समाजशास्त्राचा, वर्गीकरणाशिवाय पुढे जाता येत नाही, आणि पहिली चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

आज हा प्रश्न आपण एका इतिहासातून समजून घेऊ. त्यात तीन आजार आहेत, आणि तिन्हींची नावं नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात माहीत आहेत: देवी, कांजिण्या आणि नागीण. देवी आणि कांजिण्या इतक्या सारख्या दिसत की शतकानुशतकं लोक त्यांची गल्लत करत आले. प्रत्यक्षात ते दोन निराळ्या कुळांतले विषाणू निघाले. कांजिण्या आणि नागीण यांत तर वरवर काहीच साम्य नाही. एक लहान मुलांना होतो, दुसरा बहुधा म्हाताऱ्या माणसांना. आणि तो विषाणू मात्र एकच निघाला.

वेगळं करणं: देवी की कांजिण्या?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे 'देवी' हे फक्त रोगाचं नाव नव्हतं. १९२२ साली पालघर भागातल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीचा रोग शांत व्हावा म्हणून एक विधी सुरू झाला. तो नाशिककडून डांगात आणि पुढे सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत पोचला, म्हणजे आपल्या नवापूरच्या अगदी शेजारी. तिथपर्यंत त्याचं रूप पार बदललं होतं. अंगात आलेली देवी सांगू लागली: दारू सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्या सावकाराच्या दारात जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने यावर १९८७ साली आख्खं पुस्तक लिहिलं आहे. एका रोगाचं नाव समाजात किती खोल रुजलेलं असतं, हे त्यातून कळतं.

असं वजन असलेलं नाव चुकीच्या रुग्णाला चिकटलं तर? देवीमध्ये लस न घेतलेल्या शंभरातले साधारण तीस रुग्ण दगावत. निरोगी मुलाच्या कांजिण्या मात्र बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपोआप सुकतात. कांजिण्यांना देवी म्हटलं तर गावात विनाकारण घबराट. आणि देवीला कांजिण्या म्हटलं तर साथ शांतपणे पुढच्या गावात.

हा फरक नीट लिहून काढला विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी, १७६७ साली. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शकातला पुरावा नव्हता. होतं ते फक्त बारीक निरीक्षण. पुढच्या दोनशे वर्षांत त्या निरीक्षणाला आणखी धार आली. देवीत आधी दोन-तीन दिवस सणसणीत ताप, मग पुरळ. फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, तळहात-तळपायांवरही, आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत. कांजिण्यांचे फोड छाती-पोटावर जास्त, वरवरचे, आणि ते लाटांनी येतात. त्यामुळे एकाच जागी लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली असं सगळं शेजारी शेजारी दिसतं. १९४८ पर्यंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मदतीला आला. विटेसारखा आयताकृती कण दिसला तर देवी, गोलसर कण दिसला तर हर्पीस कुळातला विषाणू.

हे ज्ञान भारतात पणाला लागलं ते १९७० च्या दशकात. मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला १४ जून १८०२ रोजी भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली होती. 'देवी काढणं' हा शब्दप्रयोग आपल्या आजोबा-पणजोबांच्या दंडावरच्या गोल व्रणात अजून जिवंत आहे. पण फक्त लस देऊन देवी गेली नाही. १९७३ पासून आरोग्य कर्मचारी रोग्याचं चित्र असलेलं कार्ड घेऊन घरोघर फिरले. "असा कुणी दिसला का?" असं विचारत, आणि सापडलेल्या रुग्णाभोवतीच्या सगळ्यांना लस देत. भारतातला शेवटचा रुग्ण २४ मे १९७५ ला आसामातल्या करीमगंजमध्ये आजारी पडला. त्यानंतरही जवळजवळ दोन वर्षं शोध चालूच राहिला. आता ताप-पुरळाचा प्रत्येक संशयित रुग्ण 'देवी नाही' हे सिद्ध करायचं होतं, आणि असे बहुतेक रुग्ण कांजिण्यांचे असत. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्यावर शिक्कामोर्तब झालं.

म्हणजे बघा, एक रोग संपल्याचा पुरावा दुसऱ्या रोगाच्या अचूक निदानातून उभा राहिला. 'नाही' हे सिद्ध करायला 'आहे' पेक्षा जास्त राबावं लागतं. थीसिसमध्ये निगेटिव्ह रिझल्ट आला की हे आठवा.

एकत्र करणं: कांजिण्या म्हणजेच नागीण?

आता उलटा प्रवास. बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक विचित्र गोष्ट दिसली. घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातल्या मुलांना कांजिण्या येत होत्या. योगायोग असू शकतो ना? असूच शकतो. म्हणून पुढची पायरी लागते.

१९२५ मध्ये कुंडराटिट्झ यांनी नागिणीच्या फोडातलं पाणी कांजिण्या न झालेल्या मुलांना टोचलं, आणि मुलांना कांजिण्यांसारखे फोड आले. आज कुठलीही एथिक्स कमिटी असा प्रयोग मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे. १९५३ च्या सुमारास थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांच्या फोडांतला विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवला. दोन्हींचं वागणं एकसारखं होतं. शेवटी १९८४ साली एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतला आणि त्याच्याच नागिणीतला विषाणू घेऊन डीएनए ताडून पाहिला गेला. तो जुळला. संशयापासून खात्रीपर्यंत जवळपास शंभर वर्षं लागली: निरीक्षण, प्रयोग, पेशीसंवर्धन, डीएनए.

यातली मला सगळ्यात आवडणारी पायरी मात्र प्रयोगशाळेतली नाही. एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या छोट्या गावातले साधे फॅमिली डॉक्टर. त्यांनी सोळा वर्षं आपल्या दवाखान्यातल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. एकूण १९२ रुग्ण. त्यावरून १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की कांजिण्या बऱ्या झाल्यावर विषाणू जात नाही, तो मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींच्या गाठीत झोपून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की तो त्याच चेतातंतूवरून त्वचेपर्यंत येतो. साधनं काय होती? एक रजिस्टर आणि चिकाटी.

मंत्राने नागीण उतरते का?

आपल्याकडे म्हणतात की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो. म्हणून ती जुळायच्या आत मंत्र घालायचा, लेप लावायचा. आणि लोक अनुभवाने सांगतात, "उतरली की!"

त्यांचं निरीक्षण खोटं नाही. अडचण निष्कर्षात आहे. प्रत्येक चेतातंतू शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळतो, म्हणून नागिणीचा पट्टा सहसा मध्यरेषेवर थांबतो. तोंड-शेपूट जुळणं एरवी घडतच नाही. शिवाय फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप भरतात. म्हणजे काहीही केलं तरी ते 'लागू पडलं' असंच दिसणार! आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात औषधाची परीक्षा घेणं सगळ्यात अवघड असतं. तुलनेचा गट का लागतो, हे यापेक्षा सोप्या उदाहरणाने मला सांगता येणार नाही.

असायक्लोव्हिरलाही ही परीक्षा द्यावी लागली. हे औषध १९७० च्या दशकात पुढे आलं. ते नेमकं कसं काम करतं हे उलगडणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या गर्ट्रूड एलियन. १९८८ चं नोबेल मिळालेल्या या बाईंनी पीएचडी कधी पूर्ण केली नव्हती, हे आपल्यापैकी ज्यांचं रजिस्ट्रेशन रखडलंय त्यांनी जरूर लक्षात ठेवावं! औषधाची युक्ती अशी: ते विषाणूच्याच एका एन्झाइममुळे जागं होतं. त्यामुळे मुख्यतः लागण झालेल्या पेशीतच काम करतं आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. पण चेतापेशीत झोपलेल्या विषाणूपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

नागिणीत हे औषध पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करावं असं सांगतात. हा आकडा आला कुठून? चाचण्यांमध्ये बहुधा ७२ तासांच्या आतलेच रुग्ण घेतले होते, म्हणून. त्यानंतर औषध निरुपयोगी होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पेपर वाचताना 'कुणाला घेतलं होतं' हा रकाना आधी वाचायचा, तो यासाठी.

आणि आपल्या जिल्ह्यात?

धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावरून दवाखान्यापर्यंत यायला दिवस मोडतो. त्यात आधी दोन दिवस मंत्रात गेले तर ७२ तास तिथेच संपतात. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्याला धोका असतो, तिथे थांबायचंच नाही. तरुण माणसाला नागीण झाली तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही सुचवतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

निदान बहुतेक वेळा नजरेनेच होतं. शंका असेल तर १९४७ पासूनची त्झांक चाचणी आहे: फोडाचा तळ हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर पसरून रंगवायचा आणि अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी शोधायच्या. स्वस्त आहे, पण ओठावर ताप उतरताना येणारे हर्पीसचे फोड आणि नागीण यांतला फरक ती सांगत नाही. त्यासाठी पीसीआर लागतं. २०२२ मध्ये मंकीपॉक्स भारतात आला तेव्हा जुनाच प्रश्न परत उभा राहिला: हा पुरळ पॉक्सचा की कांजिण्यांचा? नमुने पुन्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले.

विषय शोधत असाल तर एक सुचवतो. उष्ण प्रदेशात कांजिण्या थंड देशांपेक्षा मोठ्या वयात जास्त होतात, हे माहीत आहे. आपल्याकडून दर वर्षी पावसाळ्यानंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. या ये-जाने कांजिण्यांचं वय आणि हंगाम बदलतो का? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरपासून सुरुवात करता येईल. जुन्या नोंदी शोधताना मात्र 'नंदुरबार जिल्हा' असं शोधू नका. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीचं सगळं 'धुळे'मध्ये, आणि त्याही आधीचं 'पश्चिम खानदेश'मध्ये सापडेल. आणि जुन्या कागदात 'देवी' असं लिहिलेलं दिसलं, तर तो रुग्ण खरंच देवीचा होता का, हे आधी तपासा.