हुंडणावळ कोणाच्या माथी?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगाव भागात करवतकाठी साडी विणताना काठाचे आणि अंगाचे धोटे वेगवेगळे चालतात. काठ अंगाला मिळतो तिथे दोन रंगांचे धागे विणकर हातानं एकमेकांत अडकवतो आणि करवतीच्या दातांसारखी नक्षी उमटते. दर ओळीला हेच करायचं, त्यामुळे काम संथ चालतं. साडीसाठीचं कोसा रेशीम येतं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या कोषांतून, आणि हे कोष सांभाळण्यात इथल्या ढिवर समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अशी साडी आता मोबाइलवर फोटो पाहून पुण्याचं किंवा चेन्नईचं गिऱ्हाईकही मागवू शकतं. सौदा ठरला की पुढचा प्रश्न येतो: पैसे कसे पाठवायचे आणि ते पोचवण्याचा खर्च कोणी सोसायचा?

हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही.

भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, तेव्हा बाजारात नागपुरी रुपया आणि ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया दोन्ही फिरत. सराफ एकाचं दुसरं करून देताना बट्टा घेई. दूरच्या गावी रक्कम पाठवायची तर हुंडी लिहिली जाई. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटे, मुदती हुंडीला ठरलेले दिवस थांबावं लागे. या सेवेची हुंडणावळ उघडपणे वहीत मांडली जाई. तिचा दर अंतर, मुदत, पेढीची पत आणि त्या वेळी पैशाला असलेली मागणी यांवर ठरे. तिसरे रघूजी भोसले 1853 मध्ये वारले, त्यानंतर राज्य खालसा झालं. तरी हुंडी टिकली. 1881 च्या पराक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतल्या अशा कागदांचा स्थानिक रिवाज कायम ठेवला.

पण हुंडी होती व्यापाऱ्याची. सावकाराकडून उधारीवर सूत घेऊन तयार कापड त्यालाच देणाऱ्या विणकराला ती लिहिण्याची वेळ सहसा येत नसे. बट्टा, हुंडणावळ, वाहतूक हे सगळं व्यापारी आपल्या हिशेबात धरी आणि उरेल त्यातून कापडाचा भाव काढी. विणकराने खर्च भरला, पण तो त्याला वेगळा कधी दिसला नाही.

1877 हे साल विणकरांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. 1 जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. रेशीमकाठी वस्त्रं विणणाऱ्या, जिल्ह्यातल्याच पवनीच्या आणि आसपासच्या हातमागांच्या दारात गिरणीचं कापड येऊन उभं राहिलं. त्याच वर्षाअखेर टपाल खात्याने व्ही.पी.ची सोय सुरू केली: पार्सल पोस्टमन नेणार, गिऱ्हाईक पैसे मोजेल तेव्हाच ते त्याच्या हाती पडणार आणि रक्कम टपालातूनच विक्रेत्याकडे परत येणार. 1880 पासून मनीऑर्डरचं कामही टपाल खात्याकडे आलं. त्याच सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे लोहमार्ग निघाला. भंडाऱ्याचं स्टेशन शहरापासून दूर वरठीला झालं. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडारा शहराला आणि विणकरांच्या गावांना परगावचं गिऱ्हाईक थेट गाठण्याचा मार्ग आता कागदावर तरी मोकळा झाला.

व्ही.पी.त खर्च कोणी सोसायचा हे जाहिरातीच्या शेवटच्या ओळीतच ठरे: ‘टपालखर्च वेगळा’. मराठी मासिकांच्या वाचकांना ही ओळ पाठ होती. गिऱ्हाईक वस्तूची किंमत आणि वरचा खर्च असं मिळून देई. विक्रेत्याची किंमत शाबूत राही. धोका मात्र विक्रेत्याचाच. पार्सल घेतलं नाही तर ते परत येई आणि जाण्याचं टपाल अंगावर पडे. 2010 मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली तेव्हा शहरी तरुणांना ते अपूर्व वाटलं, पण त्यातली रचना आणि परत आलेल्या मालाचं दुखणं, दोन्ही व्ही.पी.तलीच होती.

अलीकडच्या काळात मनीऑर्डरचं कमिशन शंभराला पाच रुपये होतं. चार हजारांच्या साडीला म्हणजे दोनशे. पावतीवर छापलेला हा आकडा दोघांनाही दिसे.

कार्ड आलं आणि आकडा दिसेनासा झाला. बँक दुकानदाराकडून टक्केवारी कापून घेते, गिऱ्हाइकाला ती कळतही नाही. कार्डाला दोन टक्के जादा मागणारे दुकानदार निघाले. डेबिट कार्डावर असा भार लावणं योग्य नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना बजावलं. जानेवारी 2018 पासून वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांसाठी डेबिट कार्डाची कपात 0.40 टक्क्यांवर बांधली गेली. दरम्यान एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आलं, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि आठवडी बाजारातल्या भाजीच्या पाटीवरही हळूहळू क्यूआरचा कागद दिसू लागला. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरची कपात शून्य झाली.

शून्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. गिऱ्हाइकाने बँक खात्यातून थेट यूपीआय केलं तर चार हजारांचे चार हजार मिळतात. विक्रेत्याने स्वतःची वेबसाइट काढून पेमेंट गेटवे जोडला, तर क्रेडिट कार्डावर साधारण दोन टक्के धरले तरी 80 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 14 रुपये 40 पैसे, म्हणजे 94 रुपये 40 पैसे जातात. काही गेटवे यूपीआयच्या व्यवहारावरही आपलं सेवाशुल्क लावतात. एप्रिल 2023 पासून वॉलेटमधून यूपीआयने दोन हजारांवर रक्कम आली, तर 1.1 टक्क्यांपर्यंतचं इंटरचेंज शुल्क लागतं. जीएसटीसाठी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला त्या 14 रुपये 40 पैशांची वजावटही मिळत नाही.

मोठी दुकानं हा खर्च हजारो वस्तूंवर पसरवतात. महिन्याला मोजक्याच साड्या विणणाऱ्या घराला तशी सोय नाही. त्याने किंमत वाढवली तर गिऱ्हाईक यंत्रमागाच्या नकलेकडे वळतं, आणि वाढवली नाही तर मजुरीतून पैसे जातात. म्हणून अनेकांचा सोपा उपाय म्हणजे क्यूआर पाठवणं. पण पैसे आधी द्यायचे तर अनोळखी गिऱ्हाइकाचा भरवसा बसायला हवा, आणि तो भरवसा मिळवण्यासाठीच गेटवे किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचा महागडा मार्ग धरावा लागतो. हुंडी लिहिणाऱ्या पेढीच्या पतीचेही असेच पैसे मोजावे लागत.

मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने 2024-25 या वर्षासाठी, छोट्या व्यापाऱ्यांना यूपीआयने मिळणाऱ्या दोन हजारांपर्यंतच्या रकमांवर 0.15 टक्के प्रोत्साहन मंजूर केलं. तरतूद 1,500 कोटींची. करवतकाठी साडीची किंमत बहुतेक वेळा या मर्यादेपलीकडे जाते. हातमागाच्या मालासाठी ही मर्यादा वाढवावी, किंवा विणकरांच्या सहकारी संस्थांनी एकच गेटवे घेऊन दर घासाघीस करून ठरवावा आणि पावतीवर कपातीचा रकाना वेगळा छापावा. मोहाडीच्या विणकराला आपल्या मजुरीतून नेमके किती पैसे गेले, हे निदान त्या रकान्यात वाचता येईल.