कुलपाचे कारागीर

अमेरिकेच्या कायद्यात १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गणिती कूटलिपीची नोंद दारूगोळ्याच्या यादीत होती. रणगाडा आणि कूटलेखनाची आज्ञावली, दोन्ही परवान्याशिवाय देशाबाहेर नेणे गुन्हा. त्यामुळे नेटस्केप कंपनीने ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद झाकण्यासाठी ‘एसएसएल’ ही पद्धत आणली, तेव्हा परदेशी ग्राहकांना मुद्दाम दुबळी, ४० बिटांची किल्ली दिली गेली. ती किती दुबळी, हे दामियाँ दोलिजेझ या फ्रेंच संशोधकाने ऑगस्ट १९९५ मध्ये दाखवून दिले. संस्थेतले संगणक कामाला लावून त्याने असा एक संदेश आठ दिवसांत फोडला.

हा कायदा ऑस्ट्रेलियातल्या माणसाच्या स्वतंत्र लेखनाला लागू नव्हता. एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी १९९५ च्या सुमारास एसएसएलची आपली आवृत्ती लिहिली आणि मूळ संहितेसह जगाला फुकट दिली. तिचे नाव ‘एसएसएलईएवाय’. शेवटची तीन अक्षरे यंगच्या नावाची आद्याक्षरे! १९९८ मध्ये दोघेही आरएसए या कंपनीत गेले आणि काम थांबले. त्या वर्षाच्या डिसेंबरात युरोपातल्या काही मंडळींनी तीच संहिता पुढे चालवायला घेतली. तिचे नवे नाव ओपनएसएसएल. बँकेचे संकेतस्थळ उघडल्यावर पत्त्याशेजारी आपल्याला दिसत आलेल्या कुलपामागे पुढे अनेकदा हीच आज्ञावली असे.

फुकटच्या वस्तूची निगा कोण राखणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या एका देखभालकर्त्याने, तपासणीचे साधन तक्रार करते म्हणून, त्यांच्या प्रतीतल्या दोन ओळी बंद केल्या. त्या ओळींमधूनच किल्लीला अनिश्चितता मिळत होती. नंतर जवळपास दोन वर्षे त्या यंत्रांवर एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८ प्रकारच्याच निघत राहिल्या. मे २००८ मध्ये हे उघड झाले, थोडी धावपळ झाली, आणि विसरलेही गेले.

मोठा घाव ७ एप्रिल २०१४ ला बसला. त्याचे नाव हार्टब्लीड. संवाद जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एक यंत्र दुसऱ्याला छोटा मजकूर पाठवते, सोबत त्याची लांबी कळवते, आणि दुसऱ्याने तो तसाच परत करायचा असतो. समजा, टपालाच्या खिडकीवर मी एक पान दिले आणि चिठ्ठीवर लिहिले ‘पाचशे पाने’. कारकुनाने पाने न मोजता, चिठ्ठी वाचून, माझ्या एका पानाखाली टेबलावरची इतरांची चारशे नव्व्याण्णव पत्रे जोडून मला दिली. नेमके हेच घडत होते. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती, तीत पासवर्ड आणि कधी खुद्द गुप्त किल्लीही, मागणाऱ्याच्या हाती पडे. ही चूक ३१ डिसेंबर २०११ रोजी संहितेत शिरली होती. नेटक्राफ्टच्या अंदाजाने सुमारे ५ लाख संकेतस्थळे उघडी होती. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे विमा क्रमांक चोरीला गेले.

मग लोकांनी हिशेब पाहिला. अब्जावधींचा व्यापार जिच्या भरवशावर चाले, त्या प्रकल्पाला वर्षाला देणगी मिळे सुमारे २,००० डॉलर. पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच, इंग्लंडमधला स्टीफन हेन्सन. चूक त्याच्याही नजरेतून सुटली म्हणून त्याला बोल लावणारे होते. मला ते अन्यायाचे वाटते. बोल लावायचाच तर फुकटात वापरून कधी आत डोकावून न पाहणाऱ्या कंपन्यांना लावावा. बातमी पसरल्यावर सामान्य माणसांनी पाच-दहा डॉलर पाठवले. मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभारला, त्यातून पूर्णवेळ माणसे नेमता आली. ओपनबीएसडीच्या लोकांना तेवढ्याने समाधान नव्हते. त्यांनी संहितेची फांदी तोडून ‘लिब्रेएसएसएल’ काढले आणि पहिल्याच आठवड्यात ९०,००० ओळी कापल्या. गूगलने ‘बोरिंगएसएसएल’ असे मिश्कील नाव देऊन स्वतःची चूल मांडली.

मूळ प्रकल्प मात्र टिकला. टिम हडसन पुढे त्याच्या कारभारी मंडळात परतला. एरिक यंगच्या जुन्या परवान्यात एक अट होती : या संहितेच्या आधारे बनवलेल्या वस्तूच्या जाहिरातीत त्याचे नाव छापावे. म्हणून कित्येक उपकरणांच्या माहितीपत्रकांत, कोणी वाचत नाही अशा बारीक टाइपात, ते नाव वर्षानुवर्षे छापले जात होते. सप्टेंबर २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती नव्या परवान्याखाली आली आणि ही अट संपली.