रोहिंग्यांचा वंशसंहार

रोहिंग्यांचा वंशसंहार : म्यानमारच्या (पूर्वीचा ब्रह्मदेश) रखाइन प्रांतातील, म्हणजे जुन्या आराकानातील, मुस्लिम रोहिंग्या समाजाची हत्या, बलात्कार, जाळपोळ व हकालपट्टी यांनी झालेली वाताहत. २०१७ मध्ये तिने टोक गाठले. तिची पाळेमुळे ब्रिटिश अमलात आहेत.

आराकान हे बंगालला लागून असलेले स्वतंत्र राज्य बोदौपाया या ब्रह्मी राजाने १७८४-८५ मध्ये जिंकले. तेथे फार पूर्वीपासून राहणाऱ्या मुसलमानांची नोंद फ्रान्सिस ब्युकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराने १७९९ मध्ये ‘रुइंगा’ अशी केली आहे. पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर यांदाबोच्या तहाने (१८२६) आराकान कंपनीकडे गेले. १८८५ मध्ये उरलेला देशही इंग्रजांच्या हाती पडला. पदच्युत थिबा राजाला रत्नागिरीत ठेवण्यात आले व तेथेच १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. १८८६ ते १९३७ या काळात ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. चितगावहून आराकानात भातशेतीच्या कामाला जाणारा मजूर त्यामुळे कोणतीही सरहद्द ओलांडत नव्हता. त्याला घुसखोर ठरवणारी सरहद्द नंतर आखली गेली.

हे स्थलांतर इंग्रजांना हवे होते, कारण आराकानचा तांदूळ परदेशी जात होता. स्थानिकांच्या मनातील धास्तीची त्यांनी फिकीर केली नाही. खानेसुमारीत माणसे वंश व धर्म यांच्या रकान्यांत बसवली गेली. लष्करात कारेन, काचिन, चिन यांची भरती झाली आणि बहुसंख्य बमारांना बहुतांशी दूर ठेवले गेले. १९३० व १९३८ मध्ये भारतीयांविरुद्ध दंगली उसळल्या. १९४२ मध्ये जपानी फौजा येताच माघार घेणाऱ्या इंग्रजांनी उत्तर आराकानातील मुसलमानांना शस्त्रे दिली, तर रखाइन बौद्धांपैकी अनेक जण जपानच्या बाजूला गेले. दोन्हीकडून कत्तली झाल्या. मुसलमान उत्तरेला आणि बौद्ध दक्षिणेला अशी प्रांताची फाळणी तेव्हापासूनची.

तरीही पुढचे सारे अटळ होते असे मानणे चुकीचे ठरेल. स्वातंत्र्यानंतर (१९४८) रोहिंग्या संसदेत निवडून आले, त्यांच्या भाषेचे कार्यक्रम रंगून आकाशवाणीवर होत होते. १९६२ मध्ये जनरल ने विनने सत्ता बळकावल्यावर चित्र पालटले. १९७८ च्या लष्करी मोहिमेत दोन लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने १८२३ पूर्वीपासून स्थायिक असलेल्या वंशांनाच जन्मसिद्ध नागरिक मानले. १८२३ म्हणजे इंग्रजांशी युद्ध जुंपण्याच्या आदले वर्ष. सरकारमान्य १३५ वंशांच्या यादीत रोहिंग्या नाहीत. वसाहतीने आखलेले रकाने स्वतंत्र राष्ट्राच्या लष्कराने असे कायद्यात उतरवले, आणि एका समाजाचे नाव खोडून टाकले. ही जबाबदारी इंग्रजांवर ढकलता येत नाही.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी एका सशस्त्र रोहिंग्या गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्याचे निमित्त करून लष्कराने गावेच्या गावे जाळली. सात लाखांवर माणसे नाफ नदीपार बांगलादेशात गेली. पहिल्या महिन्यात किमान ६,७०० जण हिंसाचारात मारले गेल्याचा अंदाज ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ या वैद्यकीय संस्थेने दिला. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांवर वंशसंहाराचा खटला चालवण्याची शिफारस केली. गांबियाने नोव्हेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले.

देहूरोडशी संबंध : पुणे जिल्ह्यातील या छावणीच्या गावाचे ब्रह्मदेशाशी जुने नाते आहे. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी येथील विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. जुलै २०२४ मध्ये याच परिसरात राहणाऱ्या काही रोहिंग्यांना पिंपरी-चिंचवड पोलिसांनी अटक केली. बनावट कागदपत्रांच्या आधारे भारतीय ओळखपत्रे मिळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. आरोपांचा निर्णय न्यायालय करील. पण ज्यांना मायदेशाने कागदच नाकारले, त्यांच्या हाती खरी कागदपत्रे येणार कुठून, हाही या प्रकरणाचा भाग आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही. वंशसंहारविरोधी करार मात्र त्याने १९५९ मध्ये स्वीकारला आहे.