नखाखालची कळ: ग्लोमस गाठीच्या निदानाचा इतिहास

ग्लोमस गाठ ही अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशींपासून वाढणारी साधी, म्हणजे कॅन्सरची नसलेली गाठ आहे. ती शरीरात कुठेही होऊ शकते, पण तिची आवडती जागा म्हणजे हाताच्या बोटाचे टोक, त्यातही नखाची गादी. तिथे तिचा आकार बहुधा काही मिलिमीटरच असतो. हाताच्या एकूण गाठींमध्ये तिचे प्रमाण शंभरात एक ते पाच इतकेच आहे. नखाखालची गाठ मध्यम वयाच्या स्त्रियांमध्ये अधिक आढळते. तिची लक्षणे तीन: अधूनमधून उठणारी असह्य कळ, एका ठरावीक बिंदूला नुसता स्पर्श झाला तरी होणारी वेदना आणि गार पाणी किंवा गार हवा लागताच वाढणारा ठणका. लक्षणे इतकी ठळक असूनही निदानाला अनेकदा वर्षे लागतात, कारण बोट वरून धडधाकट दिसते. नखुरडे म्हणावे तर सूज नाही, पू नाही. मार लागल्याचे आठवत नाही. एक्स-रे स्वच्छ येतो.

या गाठीची पहिली नीट नोंद एडिंबरोचे शल्यचिकित्सक विल्यम वुड यांनी 1812 साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात केली. कातडीखालच्या लहानशा, पण विलक्षण दुखणाऱ्या गाठींवरचा हा लेख होता. कळ झटक्याझटक्याने येते, दाबाने आणि तापमानातील बदलाने ती भडकते आणि गाठ कापून काढली की थांबते, एवढे वुड यांनी पाहिले. गाठ कशाची बनली आहे हे सांगणे मात्र त्यांना शक्य नव्हते. ऊतीचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत अजून रुळायची होती. वुड यांच्या नोंदीतल्या सगळ्याच गाठी आजच्या अर्थाने ग्लोमसच्या असतील असेही नाही. मज्जातंतूच्या किंवा स्नायूच्या दुखऱ्या गाठीही त्यांत मिसळल्या असाव्यात. तरीही गाठीच्या रूपाऐवजी वेदनेच्या स्वभावावरून आजार वेगळा काढण्याची त्यांची दिशा बरोबर होती.

पुढची शंभर वर्षे गोंधळाची गेली. इतके दुखते म्हणजे मूळ मज्जातंतूतच असणार, असे मानून कोणी तिला मज्जातंतूची गाठ म्हटले. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांची दाटी दिसल्यावर काहींनी तिची गणना रक्तवाहिन्यांच्या घातक गाठींत केली. साध्या गाठीवर असा शिक्का बसणे रुग्णाला परवडणारे नव्हते.

कोडे सुटण्यासाठी आधी बोटाच्या टोकाची निरोगी रचना समजणे आवश्यक होते. धमनीतले रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यात न शिरता थेट शिरेत जाऊ शकते, अशा आडवाटा फ्रान्समधील स्युके यांनी 1862 मध्ये आणि वॉर्सातील हॉयर यांनी 1877 मध्ये वर्णिल्या. बोटांची टोके, तळहात, तळपाय अशा भागांत त्यांची संख्या मोठी असते. या वाटा उघडल्या की कातडीकडे जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण बदलते आणि शरीराची उष्णता राखली किंवा सोडली जाते. अशा वाटेभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचे थर आणि मज्जातंतूंचे बारीक धागे असतात. या सगळ्या गुंतवळ्याला ग्लोमस म्हणतात.

1924 साली स्ट्रासबर्गचे विकृतिशास्त्रज्ञ पिएर मासों यांनी नखाखालच्या दुखऱ्या गाठींचे काप तपासले, तेव्हा त्यांना त्यांत याच ग्लोमसची अवास्तव वाढ दिसली. गोल, एकसारख्या पेशी रक्तवाहिन्यांच्या पोकळ्यांभोवती थरांनी रचलेल्या होत्या आणि त्यांच्यामधून मज्जातंतू गेलेले होते. रुग्णांच्या लक्षणांचा अभ्यास मासों यांच्यासोबत मज्जातंतुतज्ज्ञ बारे यांनी केला; गियाँ-बारे या आजाराच्या नावातले बारे तेच. शरीररचना आणि तक्रार यांचा मेळ प्रथमच बसला. तापमानाशी संबंध असलेल्या अवयवाची गाठ गारठ्याने दुखावी यात नवल उरले नाही. वर कडक नख आणि खाली हाड, अशा कोंडीत वाढणारी दोन-तीन मिलिमीटरची गाठही माणसाला हैराण का करते, हेही समजले.

मासों यांच्या हातून याच सुमारास आणखी एका दुर्मीळ वाढीचे वर्णन झाले, आणि तिथे त्यांचा अंदाज चुकला. 1923 मध्ये मूळव्याधीच्या शिरेत त्यांना आतल्या अस्तराच्या पेशींची झालरीसारखी वाढ आढळली आणि तिला त्यांनी गाठ ठरवले. पुढे इतरांनी दाखवून दिले की शिरेत साकळलेल्या रक्ताभोवती शरीर जी डागडुजी करते, तिचेच ते रूप आहे. 1976 साली क्लियरकिन आणि एंझिंगर यांनी तिला आजचे शास्त्रीय नाव दिले. ही वाढ घातक अँजिओसार्कोमासारखी भासत असल्यामुळे विकृतिशास्त्रज्ञांना ती ओळखता येणे फार महत्त्वाचे आहे. रुग्णाला किती मोठ्या उपचारांना सामोरे जावे लागेल, हे तिथे एका कापाच्या वाचनावर ठरते.

ग्लोमस गाठीतल्या पेशी नेमक्या कोणत्या, हा वाद मात्र चालू राहिला. न्यूयॉर्कमधील मार्गारेट मरे आणि आर्थर पर्डी स्टाउट यांनी 1942 मध्ये या पेशी काचपात्रात वाढवून त्या केशवाहिन्यांना बाहेरून बिलगणाऱ्या पेशींसारख्या असल्याचे मांडले. नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि प्रथिने ओळखणारी रंगद्रव्ये आली आणि या पेशी अनैच्छिक स्नायूंच्या कुळातल्या ठरल्या.

प्रयोगशाळेत हे चालले असताना दवाखान्यातला प्रश्न वेगळाच होता: बोट कापण्याआधी गाठ ओळखायची कशी? त्याचे सर्वांत साधे उत्तर मेयो क्लिनिकच्या ग्राफ्टन लव्ह यांनी 1944 साली दिले. टाचणीच्या डोक्यासारख्या बारीक वस्तूने नखावर आणि भोवतालच्या कातडीवर बिंदूबिंदूने दाबत जायचे. गाठीच्या नेमक्या जागी दाब पडताच रुग्ण हात झटकून मागे घेतो. तिथून थोडे बाजूला दाबले तर काहीच होत नाही. दुखरा भाग बोटभर पसरलेला असेल तर संशय संधिवात, जंतुसंसर्ग किंवा मानेतल्या दबलेल्या नसेकडे वळतो. टाचणीच्या टोकाएवढाच दुखरा बिंदू ही या गाठीची खूण.

1970 मध्ये हिल्ड्रेथ यांनी दुसरी चाचणी सुचवली. हात वर धरून त्यातले रक्त उतरू द्यायचे, रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला बांधून रक्तदाबाच्या वरपर्यंत फुगवायचा आणि मग तोच बिंदू पुन्हा दाबायचा. रक्तपुरवठा थांबल्यामुळे या वेळी तो दुखत नाही. पट्टा सोडताच कळ परत येते. तिसरी चाचणी बर्फाची किंवा गार पाण्याची. मणिपालच्या शल्यचिकित्सकांनी 2002 साली 18 रुग्णांवर या चाचण्या पडताळल्या, तेव्हा टाचणीच्या चाचणीतून गाठ असलेला एकही रुग्ण निसटला नाही. मात्र तीच चाचणी इतर काही दुखण्यांतही सकारात्मक येते. हिल्ड्रेथ यांच्या चाचणीचे नेमके उलटे: ती काही गाठी सोडते, पण सकारात्मक आली तर शंकेला फारशी जागा राहत नाही. म्हणूनच तिन्ही चाचण्या एकत्र करतात.

यंत्रांचा वाटा त्यामानाने उशिरा आला. गाठ बरीच वर्षे राहिली तर बोटाच्या शेवटच्या हाडाला पडलेली खोबण एक्स-रेत दिसते, पण अनेकदा ती नसतेच. बारीक तपशील दाखवणाऱ्या सोनोग्राफीत रक्तप्रवाहाने भरलेली काळसर गाठ उमटते. एमआरआयमध्ये ती ठळक चमकते आणि दोन मिलिमीटरची गाठही सापडू शकते. शस्त्रक्रियेआधी जागा निश्चित करायला एमआरआयचा मोठा आधार होतो. मात्र तो स्वच्छ आला म्हणून रुग्णाची तक्रार खोटी ठरवणे चूकच. अगदी लहान गाठ त्यातूनही निसटते, आणि इतके जुने दुखणे कित्येकदा मानसिक ठरवले गेले आहे.

अखेरचा निर्णय शस्त्रक्रियेनंतर विकृतिशास्त्रज्ञ देतात. नख उचलून किंवा बाजूने छेद घेऊन गाठ तिच्या आवरणासकट काढली जाते. ती पूर्ण निघाली तर वर्षानुवर्षांची कळ बहुधा लवकरच थांबते. काही महिन्यांतच दुखणे परतले तर गाठीचा तुकडा मागे राहिल्याची शक्यता अधिक. खूप वर्षांनी परतले तर नव्या गाठीची. एकाच रुग्णाच्या एकाहून अधिक बोटांत गाठी आढळल्या, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार 1 हा आनुवंशिक आजार आहे का हे पाहावे लागते. अशा गाठींतील पेशींमध्ये त्या आजाराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या असतात, हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्यामुळे अशा रुग्णाच्या कातडीवर कॉफीच्या रंगाचे चट्टे आहेत का, तेही तपासतात.