पांचशें गाड्यांचा नियम

अमेरिकेंतील ‘स्टॉक कार’ शर्यतींचें मूळ तत्त्व मोठें साधें होतें: जी गाडी सामान्य गिऱ्हाइकाला दुकानांत विकत मिळते, तीच शर्यतींत धांवावी. १९४८ सालीं स्थापन झालेल्या ‘नॅस्कार’ ह्या संस्थेनें त्यासाठीं उत्पादनाची किमान संख्या ठरवून दिली. १९६९ सालीं ती ५०० होती. कारखानदारांनीं मात्र ह्या नियमाचा अर्थ उलटा लावला. शर्यतीची गाडी आधीं आंखावयाची आणि मग तशाच पांचशें गाड्या नाइलाजानें बाजारांत आणावयाच्या!

ह्या उफराट्या व्यवहाराचा अस्सल नमुना म्हणजे ‘डॉज चार्जर डेटोना’. मूळची चार्जर देखणी, शर्यतींतलें तिचें ४२६ घनइंची एंजिन बलाढ्य. परंतु तिचें आंत घेतलेलें तोंड आणि मागची खोलगट कांच वाऱ्याशीं झुंजत बसे. फोर्डची ‘टोरिनो टॅलाडेगा’ पुढें सरकूं लागतांच डॉजच्या एंजिनियरांनीं चार्जरला लांब, निमुळतें नाक बसविलें आणि पाठीवर सुमारें २३ इंच उंचीचा पंख उभारला. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. हा नेमका उलट काम करी, वाऱ्याच्याच जोरानें मागचीं चाकें जमिनीवर दाबून धरी.

वेग वाढला, पण टायर तो सोसतना. सप्टेंबर १९६९ मध्यें टॅलाडेगा येथील पहिल्याच शर्यतीपूर्वीं टायर फाटूं लागले, तेव्हां रिचर्ड पेटीप्रभृति बहुतेक नामांकित चालक सरळ निघून गेले. त्यांनीं केलें तें शहाणपणाचेंच होतें. शर्यत तरीही झाली, आणि ती डेटोना गाडीनेंच जिंकली. २४ मार्च १९७० रोजीं त्याच मार्गावर बडी बेकरनें ताशीं २००.४४७ मैलांचा वेग गांठला.

फोर्डकडे गेलेल्या पेटीला परत आणण्यासाठीं प्लिमथनें तशीच पंखवाली ‘सुपरबर्ड’ काढली. १९७० च्या वाढीव संख्येच्या नियमामुळें अशा १,९०० हून अधिक गाड्या बनवाव्या लागल्या. पेटी परतला. पुढें १९७१ सालीं नॅस्कारनें पंखवाल्या गाड्यांना ३०५ घनइंचांचें एंजिन सक्तीचें केलें आणि त्यांचा जोरच काढून घेतला. त्या वर्षीं ‘डेटोना ५००’ मध्यें अशी एकच गाडी उतरली. ती सातवी आली.

इकडे दुकानांत गिऱ्हाइकें त्या विचित्र पंखाकडे पाहून हंसत. कित्येक सुपरबर्ड महिनोन्‌महिने पडून राहिल्या; कांहीं विक्रेत्यांनीं तर नाक नि पंख उतरवून त्या साध्या गाड्या म्हणून खपविल्या. आज संग्राहक त्याच नाकापंखासाठीं लाखों डॉलर मोजतात.