नाव खोडलं, ताबा सुटला नाही

लिनक्सवर डिस्क काढायला गेलं की यूमाउंट कधी कधी साफ नकार देतं: ‘टार्गेट इज बिझी’. त्यावरचा तोडगा सिस्टिम सांभाळणाऱ्या मंडळींत जवळजवळ सर्वमान्य आहे. ‘डॅश एल’ लावा, म्हणजे लेझी अनमाउंट करा, की काम झालं. पूर्वपक्ष असा: उघड्या फाइली दाखवणारं एलसॉफ चालवलं तर यादी रिकामी येते, म्हणजे डिस्क कोणीच धरलेली नाही, कर्नल उगाच अडून बसलाय. शिवाय ही सोय कर्नलनेच दिलीय, तीही आजची नव्हे, २.४.११ पासूनची. मग ती वापरायला हरकत कसली?

हा पक्ष अगदीच पोकळ नाही. एनएफएसचा सर्व्हर मेला असेल आणि त्याच्यापायी मशीन बंद होता होता लटकत असेल, तर लेझी अनमाउंटच बरं. यूमाउंटचं मॅन्युअलही तेच सांगतं. मात्र नेटवर्कवरची फाइलसिस्टिम असो की पोटात दुसरे माउंट असलेली स्थानिक, हा पर्याय वापरलात तर लवकरच रीबूट करावं लागेल असं धरून चाला, हेही तिथेच लिहिलंय. तेवढं वाचायचं मात्र राहून जातं.

डॅश एल नेमकं काय करतं? डिरेक्टरीच्या झाडावरून माउंटचं नाव खोडतं, बस. ज्या प्रोसेसने फाइल उघडी ठेवलीय ती लिहीतच राहते, फाइलसिस्टिम जिवंतच असते. सातबाऱ्यावरून कुळाचं नाव उडवलं म्हणून कूळ शेतातून उठत नाही, त्यातलाच हा प्रकार. इथे तर ते नांगरही चालवत असतं. अशा वेळी फाइलसिस्टिम तपासणारं एफएससीके चालवलं तर ते ‘इन यूज’ म्हणून थांबतं, हे नशीब. पण यूएसबीची केबल उपटणाऱ्या हाताला कोण थांबवणार? व्हर्च्युअल डिस्क असेल तर त्याहून वाईट. ‘सुटली’ म्हणून ती दुसऱ्या मशीनला जोडली, की एकाच एक्स्टफोरवर दोन कर्नल लिहू लागतात आणि डेटाची माती होते.

दुसरा धोका कोणी बोलून दाखवत नाही. नाव खोडल्यावर तो रस्ता आता रूट फाइलसिस्टिममधली साधी डिरेक्टरी उरतो. डिस्क धरणाऱ्या प्रोसेस मारायला त्यावर ‘फ्यूजर डॅश केएम’ चालवलंत, तर ‘एम’चा अर्थ ‘ही डिरेक्टरी ज्या फाइलसिस्टिमवर आहे ती सगळी’ असा होतो आणि अख्ख्या रूटवरच्या प्रोसेसना सिगकिल जातो. मारायचंच असेल तर मोठा ‘एम’ही जोडावा. रस्ता खरोखर माउंटपॉइंट असल्याशिवाय फ्यूजर मग हात उगारत नाही.

आता त्या रिकाम्या यादीचं. एलसॉफ प्रोसेसची झडती घेतं, तीही रूट होऊन चालवलं तरच पुरती. पण फाइल धरणारी प्रत्येक गोष्ट प्रोसेस नसते. डिस्कवरची स्वॅप फाइल चालू असेल, डिस्कवरची इमेज लूप डिव्हाइसला जोडलेली असेल, कर्नलचा एनएफएस सर्व्हर ती डिरेक्टरी वाटत असेल, किंवा पोटात दुसरंच काही माउंट असेल, तर धरणारा खुद्द कर्नल असतो आणि एलसॉफच्या यादीत तो येत नाही. यादी रिकामी याचा अर्थ विचारलं चुकीच्या ठिकाणी, एवढाच. प्रोक-स्वॅप्स, लोसेटअप डॅश ए, एक्सपोर्टएफएस, फाइंडमाउंट डॅश मोठा आर, इथे विचारलं की उत्तर मिळतं. कंटेनरवाल्या मशीनवर उलटंही घडतं. यूमाउंट बिनतक्रार होतं, तरी डिस्क ‘इन यूज’च राहते, कारण कंटेनरच्या माउंट नेमस्पेसमध्ये त्याच माउंटची दुसरी प्रत असते. तिचा माग प्रोकमधल्या माउंटइन्फोंत ग्रेप करून लागतो.

मी हे तावातावाने लिहितोय, पण डॅश एल मीही वर्षानुवर्षं वापरलंय. बॅकअपच्या एका डिस्कने मला हट्टाला पेटवलं. एलसॉफ रिकामं. फ्यूजर डॅश व्हीएमच्या उत्तरात एकच ओळ, ‘कर्नल’ आणि पुढे ‘माउंट’. ही ओळ माउंट केलेल्या कुठल्याही डिस्कवर दिसतेच, तेव्हा तिचा उपयोग शून्य. लोसेटअप डॅश ए केल्यावर मात्र लूप शून्यच्या पुढे कंसात त्याच डिस्कवरच्या एका आयएसओ फाइलचा पत्ता आला. काही आठवड्यांपूर्वी आत डोकावायला म्हणून मीच ती माउंट केली होती आणि साफ विसरलो होतो. आधी आयएसओ उतरवली, मग डिस्क. दुसरा यूमाउंट लगेच परतला नाही. साताठ सेकंद डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला, मेमरीत अडकलेला डेटा तिच्यावर उतरत होता. मग प्रॉम्प्ट आला आणि मी केबल काढली.